टेमघरची गळती, खडकवासल्याची भिंत: धरणाची प्रकृती विचारायची कशी?

मुठेकाठ (धागाकर्ता)

जुलै लागला की पुण्यात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: "धरण किती भरलं?" वर्तमानपत्रात रोज चौकट येते. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला, चारही धरणांची टक्केवारी, एकूण २९.१५ टीएमसीपैकी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) किती साठा झाला, गेल्या वर्षी याच तारखेला किती होता. ही चौकट मीही रोज वाचतो. पण एवढं पाणी ज्या भिंतींनी अडवून धरलंय, त्या भिंती कशा आहेत याबद्दल तिथे कधी एक ओळ नसते.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, शाखा अभियंता म्हणून, त्यातली बरीच वर्षं धरणांच्या देखभालीवर. टेमघरवर माझी नेमणूक नव्हती, त्यामुळे तिथलं आतलं काही सांगत नाही. जे जाहीर आहे तेवढ्यावरच लिहितो.

टेमघर हे या साखळीतलं सगळ्यात नवं धरण. मुठा नदीवर, मुळशी तालुक्यात, किलोमीटरहून थोडी जास्त लांबीचं दगडी धरण, साठा ३.७१ टीएमसी. गळती पहिल्यापासून होती आणि वाढत गेली. २०१६ च्या पावसाळ्यात भिंतीच्या खालच्या अंगाने पाण्याचे फवारे उडतानाचे फोटो सगळ्यांनी पाहिले. सेकंदाला सुमारे अडीच हजार लिटर पाणी झिरपत होतं. दिवसाचा हिशेब केला तर २० कोटी लिटरच्या वर. त्यानंतर अभियंत्यांवर आणि ठेकेदारांवर गुन्हे दाखल झाले, धरण रिकामं करून दुरुस्ती सुरू झाली, ग्राउटिंग आणि शॉटक्रीट (दाबाने फवारलेला काँक्रीटचा थर) झालं आणि गळती बरीच खाली आली. मग बातमीही संपली.

इथे एक गोष्ट समजून घ्या. दगडी धरण झिरपतंच. थेंबही न गळणारं दगडी धरण मी पाहिलेलं नाही. भिंतीच्या पोटात निरीक्षण गॅलरी असते, म्हणजे माणूस उभा राहून चालेल एवढा बोगदा. तिच्यात निचऱ्याची छिद्रं उघडतात. भिंतीत आणि पायात शिरलेलं पाणी त्या छिद्रांतून गॅलरीत उतरतं आणि गटारीतून बाहेर पडतं. हे पाणी बाहेर आलंच पाहिजे. ते अडकलं तर पायाखालून भिंतीला वर उचलणारा दाब वाढतो. दगडी धरण आपल्या वजनावर उभं असतं, त्यामुळे हा वर उचलणारा दाब त्याचा खरा वैरी.

म्हणून नुसती गळती किती हे विचारून भागत नाही. गेल्या वर्षी धरणात हीच पातळी असताना किती होती? पाणी छिद्रांतून येतंय की भिंतीच्या अंगातून? स्वच्छ आहे की गढूळ? गॅलरीच्या भिंतीवरचे पांढरे ओघळ वाढलेत का? (मसाल्यातला चुना विरघळून बाहेर पडतो, त्याचे ते ओघळ.) या प्रश्नांची उत्तरं खात्याच्या नोंदवहीत असतात. ती आपल्यापर्यंत आली पाहिजेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घाला. ज्यांना भीती वाटते त्यांनीही मोकळेपणाने लिहा, भीती वाटण्यासारखं आपल्या शहराने पाहिलेलं आहे.

पेठकर

काका, धागा काढलात हे फार बरं केलंत. आमचं घर नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराची गोष्ट आमच्याकडे प्रत्येक पिढीला सांगितली जाते. आजी सांगायची, सकाळी नदीला पाणी वाढलंय म्हणून लोक लकडी पुलावर बघायला गेले होते. रस्त्यावरून पळत येणारी माणसं ओरडायला लागली तेव्हा चूल पेटलेली तशीच टाकून घरचे बाहेर पडले. परत आले तेव्हा माजघरात गुडघ्याएवढा गाळ आणि एक भिंत गायब.

आजी एक गोष्ट नेहमी सांगायची आणि ती फारशी कुठे लिहिलेली दिसत नाही. पुरानंतर पुण्यात प्यायला पाणीच नव्हतं. खडकवासलाच फुटलं, म्हणजे नळाचं मूळच गेलं. वाड्यांमधले आड पुन्हा उपसले, कात्रजच्या हौदांवर रांगा लागल्या. पाणी पुरवणारं धरण फुटलं की पुराने एकदा मारतं आणि तहानेने पुन्हा मारतं.

माझा प्रश्न असा: पानशेत मातीचं होतं आणि अर्धवट होतं हे माहीत आहे. पण नेमकं झालं काय होतं?

मुठेकाठ

पेठकर, थोडक्यात सांगतो, कारण ही गोष्ट प्रत्येक पुणेकराला ठाऊक असायला हवी.

पानशेत आंबी नदीवरचं मातीचं धरण. काम चालू असतानाच त्या पावसाळ्यात पाणी साठवायचं ठरलं. धरणाच्या पोटातून पाणी सोडण्याचा जो बंदिस्त मार्ग असतो, त्याला आम्ही विमोचक म्हणतो, त्याचं काम पुरं झालेलं नव्हतं, दरवाजेही पूर्ण बसलेले नव्हते. पाऊस जोरात झाला, पाणी झपाट्याने चढलं, विमोचकातून पाणी उसळत, आपटत वाहू लागलं. त्या धक्क्यांनी विमोचकाचं बांधकाम खिळखिळं झालं आणि त्याच्या वरचा भराव खचायला लागला. भराव खचला म्हणजे धरणाचा माथा खाली आला, आणि पाणी तर वर चढत होतं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. १२ तारखेला सकाळी पाणी माथ्यावरून गेलं. मातीच्या धरणावरून एकदा पाणी वाहू लागलं की ते थोपवता येत नाही.

तो सगळा लोंढा खडकवासल्यात आला. खडकवासला १८६९ ते १८७९ या काळात बांधलेलं, चुन्यातलं दगडी धरण. पानशेतचं पाणी पोटात घेण्याएवढी त्याची ताकदच नव्हती. तरीही वरून पाणी वाहत असताना त्या जुन्या भिंतीने काही तास तग धरला आणि दुपारी ती फुटली. त्या काही तासांत किती माणसं नदीकाठावरून उठून गेली असतील! १८७९ साली पुऱ्या झालेल्या त्या भिंतीचे आपल्यावर उपकार आहेत.

आता टेमघरकडे बघा. तेही खडकवासल्याच्याच वर आहे. त्याचा साठा ३.७१ टीएमसी, खडकवासल्याचा १.९७. आकडे तुमच्यासमोर आहेत.

सिमेंट_खडी

मी बांधकाम क्षेत्रात आहे, धरणात नाही, पण ग्राउटिंगचा अनुभव आहे. टेमघरच्या दुरुस्तीबद्दल माझी शंका स्पष्ट लिहितो.

ग्राउटिंग म्हणजे भिंतीत भोकं पाडून दाबाने सिमेंटचं पातळ मिश्रण आत सोडायचं, म्हणजे पोकळ्या भरतात. पोकळ्या मूळ बांधकामातच असतील, मसाला दगडांच्या सांध्यांत नीट बसलाच नसेल, तर ग्राउट जिथे वाट मिळेल तिथे जातो. कुठे गेला ते डोळ्यांनी दिसत नाही. आज गळती ९० टक्के कमी झाली असं म्हणतात, चांगलंच आहे. पण पाणी दरवर्षी भरणार, दरवर्षी उतरणार. दहा वर्षांनी काय? आणि ग्राउट करताना निचऱ्याची छिद्रंच बुजली असतील तर? मग गळती कमी दिसेल आणि काकांनी सांगितलेला तो वर उचलणारा दाब वाढलेला असेल. मला याचीच जास्त काळजी वाटते.

मुठेकाठ

या धाग्यावरचा सगळ्यात मोलाचा प्रश्न तुम्ही विचारलात. गळती कमी झाली म्हणून टाळ्या वाजवायच्या आधी छिद्रं चालू आहेत का ते पाहायचं असतं. रीत अशी की ग्राउटिंग झाल्यावर निचऱ्याची छिद्रं पुन्हा साफ करायची किंवा नव्याने पाडायची, आणि पायातला दाब पीझोमीटरने मोजत राहायचं. गळतीचा आकडा आणि दाबाचा आकडा शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय दुरुस्ती झाली असं म्हणता येत नाही.

दुसरं, वरच्या अंगाला, म्हणजे पाण्याच्या बाजूला, शॉटक्रीटचा थर दिला गेला. ते बरोबरच आहे, पाणी जिथून शिरतं तिथेच अडवलेलं उत्तम. मात्र हा थर उन्हात तापतो आणि पाण्याखाली थंड होतो, त्याला दरवर्षी तडे शोधत बसावं लागतं. दुरुस्ती एकदा करून सोडून देण्याची गोष्ट नाही.

आपल्याकडे दुरुस्तीने सावरलेली दगडी धरणं आहेत, हेही सांगायला हवं. भंडारदरा १९२६ साली पूर्ण झालं, ८० मीटरहून उंच. १९६९ साली त्याला तडे गेले आणि मोठी गळती लागली. मग खालच्या बाजूने टेकू भिंती बांधल्या, पोलादी केबलींनी भिंत पायाशी जखडली. ते धरण आजही प्रवरेला पाणी देतंय. इच्छा, पैसा आणि सतत लक्ष असेल तर दगडी धरण शंभर वर्षं सहज जगतं.

बागायतदार_दौंड

राम राम मंडळी. तुमचं सगळं वाचतोय. आमची बाजूबी मांडू द्या.

खडकवासल्याच्या कालव्यावर आमची शेती. दौंड, इंदापूरपर्यंत हेच पाणी येतं. दुरुस्तीसाठी टेमघर रिकामं करायचं म्हणजे साखळीतलं तेवढं पाणी लवकर वापरून टाकायचं. पुण्याची गरज आधी भागणार हे ठरलेलं. मग उन्हाळ्यात आवर्तन लांबलं की ऊस आमचा वाळतो. दुरुस्ती करू नका असं आम्ही कधीच म्हणणार नाही. धरण फुटलं तर मुठेतून मुळामुठेत आणि तिथून भीमेत, पाणी आमच्याच शिवारात येणार. पण दुरुस्तीचं वेळापत्रक कालवा सल्लागार समितीत आधी मांडा. कोणत्या वर्षी किती पाणी कमी मिळणार ते पेरणीच्या आधी कळलं तर माणूस पीक बदलतो. ऐन मार्चात कळलं तर काय करायचं?

आणि एक. धरणावर चौकीदार, मजूर आता उरलेत कुठं? आमच्या लहानपणी कालव्यावर बीटवाला दिसायचा, चालत जायचा, कुठं पाझर दिसला की लगेच सांगायचा. आता गाडीतून येतात आणि गाडीतूनच जातात.

मुठेकाठ

दादा, अगदी मनातलं बोललात. भिंतीवरून रोज चालणारा माणूस हे धरणाचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात भरवशाचं मोजमापाचं साधन. काल कोरडा असलेला दगड आज ओला आहे, हे त्याला दिसतं. जागा रिकाम्या ठेवून आणि कंत्राटावर पहारेकरी नेमून आपण ही नजर घालवतो आहोत. यावर मी खात्यात असताना अनेकदा लिहून दिलं. अजूनही लिहीन.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा. पुण्याच्या धरणांवरचा धागा आहे, तरी तिवऱ्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

२ जुलै २०१९ ची रात्र. जेवणं उरकून लोक घरात होते. तिवऱ्याचं मातीचं धरण फुटलं आणि भेंदवाडीतली घरं माणसांसकट वाहून गेली. वीसच्या वर माणसं गेली. धरण केवढं? टीएमसीचा दहावा भागही नाही. पुण्याच्या चौकटीत ज्याला जागाही मिळणार नाही असं धरण. पण वाडी त्याच्या पायथ्याशी होती.

गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधी केलेली होती. लेखी केली होती. पावसाळ्याच्या तोंडावर काहीतरी डागडुजी झाली, आणि लोक त्या भरवशावर झोपले. नंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांमुळे धरण फुटलं असं सांगितलं. ज्यांच्या घरातली तीन तीन, चार चार माणसं गेली त्यांनी ते ऐकलं. त्या वाक्याचा राग आमच्याकडे अजून गेलेला नाही आणि जाणारही नाही.

२०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आमचं चिपळूण बुडालं. असा पाऊस आता परत परत येणार. आमच्या डोंगरकपारीत मातीची बारकी धरणं कितीतरी आहेत. त्यांच्याकडे कोण बघतं? तुम्ही जाणकार आहात, म्हणून विचारतो: मातीच्या धरणाखाली राहणाऱ्या माणसाने काय बघायचं? साध्या भाषेत सांगा, मी ते छापून वाड्यावाड्यांवर वाटणार आहे.

मुठेकाठ

दादा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. जे विचारलंत ते सांगतो.

आधी खेकड्यांविषयी. खेकडे, घुशी, उंदीर, वाळवी, झाडांची मुळं भरावात बिळं करतात, हे खरं आहे आणि प्रत्येक अभियंत्याला ते शिकवलेलं असतं. म्हणूनच तर भरावावर झाडं वाढू द्यायची नाहीत, झुडपं दरवर्षी तोडायची, बिळं शोधून बुजवायची, असं देखभालीच्या नियमांत लिहिलेलं आहे. बीळ दिसलं आणि बुजवलं नाही, तर दोष खेकड्याचा कसा?

आता काय बघायचं. मातीच्या धरणाच्या पायथ्याशी थोडं पाणी पाझरतंच, त्यासाठी गाळण आणि चर केलेले असतात. ते पाणी स्वच्छ असेल आणि धरण भरेल तसं थोडं वाढत असेल तर घाबरू नका. ते गढूळ झालं, त्यात माती यायला लागली, की तो सगळ्यात वाईट इशारा. पाणी आतून माती घेऊन बाहेर पडतंय, म्हणजे भरावाच्या पोटात नळी तयार होतेय. अशी नळी काही तासांत बोगद्याएवढी होते. त्या वेळी कोणत्याही साहेबाची वाट न बघता वाडी रिकामी करायची, फोन उंचावर जाऊन करायचा.

काटकोनी व्ही-नॉच बसवली असेल तर गावातल्या पोरांना ती वाचायला शिकवा. लोखंडी पत्र्यात इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असते, तिच्यातून पाझराचं पाणी वाहतं. खाचेच्या टोकापासून पाणी १० सेंटिमीटर उंच असेल तर सेकंदाला साधारण साडेचार लिटर. २० सेंटिमीटर झालं तर दुप्पट नव्हे, जवळपास २५ लिटर. म्हणून बोटभर वाढही वहीत तारखेसकट लिहून ठेवायची, आणि शेजारी धरणातली पातळी.

भरावाच्या खालच्या उतारावर जिथे कधी ओल नव्हती तिथे हिरवं गवत किंवा दलदल दिसली, माथ्यावर लांब भेग पडली, माथा कुठे बसल्यासारखा वाटला, वरच्या बाजूचं दगडी पिचिंग घसरलं, सांडव्यात (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत) झाडं किंवा दरड येऊन तोंड अडलं, तर फोटो काढून तहसीलदार आणि जलसंधारण दोघांनाही लेखी द्या. सांडव्याचं तर विशेष बघा. सांडवा अडला की पाणी माथ्यावरून जातं. गुजरातेत मोरबीला ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू धरणाच्या भरावांवरून असंच पाणी गेलं आणि शहर बुडालं.

वाशिष्ठीकाठ

काका, आभार. हे जसंच्या तसं छापतो.

सिंहगडरोडकर

मी एकतानगरीजवळ राहते. २०२४ च्या जुलैत आमच्या सोसायटीत पहाटे पाणी शिरलं, तळमजल्यावरच्या लोकांना बोटीने बाहेर काढलं. खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग होता असं नंतर कळलं. तेव्हापासून कुठूनही "टेमघर फुटणार" असा मेसेज आला की रात्रभर झोप लागत नाही. मला सांगा, पाणी सोडणं आणि धरणाला धोका असणं यांचा काही संबंध असतो का?

मुठेकाठ

ताई, विसर्ग सोडणं म्हणजे धरण आपलं काम नीट करतंय. दरवाजे उघडतात, पाणी खाली जातं, भिंतीवरचा भार आटोक्यात राहतो. भर पावसात दरवाजे उघडता येईनासे झाले तर भिण्याचं कारण आहे. तुमच्या सोसायटीत पाणी आलं त्याचं कारण नदीपात्रात आहे. पात्र भरावांनी अरुंद झालंय आणि घरं पूररेषेच्या आत आली आहेत. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. तुमची इमारत कोणत्या रेषेत आहे ते जलसंपदा खात्याच्या पूररेषेच्या नकाशावर बघून घ्या.

आणि दोन्हींचा एक धागा मात्र जुळतो. खाली वस्ती असल्यामुळे विसर्ग उशिरा सोडण्याचा दबाव येतो. पाणी सोडायला उशीर म्हणजे धरण गच्च भरलेलं असताना मोठा पाऊस अंगावर घेणं. नदीपात्रातलं अतिक्रमण अशा रीतीने धरणाच्याच मुळावर येतं.

"फुटणार" छापाचे मेसेज पुढे पाठवू नका. जिल्हा प्रशासन आणि जलसंपदा विसर्गाचे आकडे जाहीर करतात, तेच बघा.

कोयनाकाठ

पाटण तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडे भूकंप हा घरातल्या बोलण्याचा विषय. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरची घरं पडली, माणसं गेली. धरणाला तडे गेले, पण धरण उभं राहिलं. भिंतीचा उतार जिथे बदलतो त्या उंचीवर तडे पडले होते. नंतर सांडव्याबाहेरच्या भागाला खालून टेकू दिले, आणि पुढे सांडव्याच्या भागाचंही मजबुतीकरण झालं.

मी हे मुद्दाम लिहितो. १०५ टीएमसीचं धरण भूकंपानंतरही आजवर टिकलं कारण त्यावर खर्च झाला, यंत्रं बसली, नोंदी ठेवल्या गेल्या. कोयनेवर देशाचं लक्ष होतं, कारण तिथे वीज होते. टेमघरवर तेवढं लक्ष कधी होतं का? पिण्याच्या पाण्याचं धरण विजेच्या धरणापेक्षा कमी महत्त्वाचं असतं का?

सिमेंट_खडी

कोयनाकाठ, पटलं. कायद्याबद्दल कोणी लिहील का? धरण सुरक्षा कायदा आला एवढं ऐकलंय.

मुठेकाठ

धरण सुरक्षा कायदा २०२१ चा, ३० डिसेंबर २०२१ पासून लागू. १५ मीटरहून उंच सगळी धरणं त्यात येतात, १० ते १५ मीटरमधली काही अटींवर. महाराष्ट्रात मोठी धरणं देशात सर्वांत जास्त, दोन हजार तीनशेहून अधिक, म्हणजे या कायद्याचा सर्वांत मोठा भार आपल्यावरच.

कायद्याप्रमाणे प्रत्येक धरणाची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाहणी व्हायला हवी, मोठा पूर किंवा भूकंप झाला तर तेव्हाही. तज्ज्ञांच्या स्वतंत्र मंडळाकडून सखोल तपासणी आणि प्रत्येक धरणाचा आपत्कालीन कृती आराखडा, या दोन्हींसाठी कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. आराखडा म्हणजे धरण फुटलं तर पाणी कोणत्या गावात किती वेळात पोचेल, किती चढेल, कोणी कोणाला कळवायचं, लोकांनी कुठे जायचं. नियमांचं पालन न करणाऱ्याला कैदेची तरतूद आहे, माणसं दगावली तर जास्त.

पाहणीनंतर धरणाची श्रेणी ठरते. श्रेणी १ म्हणजे लक्ष दिलं नाही तर धरण फुटू शकेल असे दोष. श्रेणी २ म्हणजे मोठे दोष, तातडीने दुरुस्ती हवी. श्रेणी ३ म्हणजे किरकोळ. आमच्या खात्यात ही भाषा जुनी आहे. ती वर्तमानपत्राच्या चौकटीत टक्केवारीच्या शेजारी छापली जावी, एवढंच मागणं आहे. "टेमघर: साठा इतका, श्रेणी इतकी, गळती गेल्या वर्षी याच पातळीला इतकी, यंदा इतकी." एका ओळीचं काम आहे.

पेठकर

काका, आपण वाट कशाला बघायची? माहितीच्या अधिकारात मागू या. मसुदा द्याल का?

मुठेकाठ

देतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, ३० दिवसांत उत्तर. मी असा लिहीन:

"विषय: टेमघर धरणाच्या पाहणीचा तपशील. कालावधी: मागील पाच वर्षे. (१) प्रत्येक वर्षीचे पावसाळापूर्व व पावसाळोत्तर पाहणी अहवाल. (२) धरणाला दिलेली श्रेणी व ती देण्याची कारणे. (३) गॅलरीतील गळतीची मासिक नोंद व त्या दिवशीची जलाशय पातळी. (४) पायातील उत्थापक दाबाच्या नोंदी. (५) अहवालात सुचवलेल्या दुरुस्त्या व त्या पूर्ण झाल्याची तारीख."

तिसऱ्या मुद्द्यात जलाशय पातळी मागायला विसरू नका. पातळीशिवाय गळतीचा आकडा कितीही चांगला किंवा वाईट दाखवता येतो. सुरक्षेचं कारण देऊन नकार आला तर अपील करा आणि निदान श्रेणी व दुरुस्त्यांची यादी मागा. त्यात लपवण्यासारखं काही नाही. मी स्वतः आजच अर्ज टाकतो आहे. ज्याला ज्या धरणाचं पाणी मिळतं त्याने त्या धरणासाठी टाकावा.

बागायतदार_दौंड

मी खडकवासल्यासाठी टाकतो. कालव्याचंबी विचारू का त्यातच?

मुठेकाठ

कालव्यासाठी वेगळा अर्ज करा दादा, नाहीतर दोन विषय म्हणून परत येईल.

भाटघर_खोरे

उशिरा आलो. आमच्या गावाच्या वर डोंगरात एक जुना मातीचा पाझर तलाव आहे. उंची पंधरा मीटर नक्कीच नाही. सांडव्याचे दगड निखळलेत, भरावावर करंजाची मोठी झाडं आहेत. कायद्यात बसत नाही तर आम्ही कोणाकडे जायचं? जलसंपदावाले म्हणतात आमचं नाही.

मुठेकाठ

ते बरोबर सांगतायत, पण पुढचं सांगत नाहीत. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव बहुतेक जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात. त्याहून मोठे, पण जलसंपदाकडे नसलेले, मृद व जलसंधारण विभागाकडे. ग्रामपंचायतीच्या दप्तरात तलावाचं नाव, बांधल्याचं साल आणि कोणी बांधला हे मिळेल. ग्रामसभेत ठराव करा, फोटो जोडा, आणि ठरावाची प्रत तहसीलदारांनाही द्या, म्हणजे आपत्ती व्यवस्थापनाच्या कागदांत नोंद होते.

करंज लगेच मुळासकट उपटू नका. मोठं झाड उपटलं की भरावात खड्डा पडतो आणि कुजलेल्या मुळांच्या वाटा पाण्याला मिळतात. तलाव रिकामा असताना, उपअभियंत्याच्या देखरेखीखाली झाड काढून खड्डा थर देत धुमसने ठोकून भरायचा. सांडव्याचे दगड मात्र या उन्हाळ्यातच बसवून घ्या. अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत गेला तर अंदाजपत्रकाला वेळ मिळतो. मेमध्ये गेलेला अर्ज पुढच्या वर्षावर जातो.

भाटघर_खोरे

येत्या ग्रामसभेत विषय घेतो. फोटो इथेच टाकतो, बघून सांगा.